गोदाघाटावरचे पहिले जलरंगचित्र : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये राहून चित्रकला शिकू पाहणारी मंडळी मला बहुधा दोनच प्रश्न विचारतात. चित्रासाठी प्रेरणा कोठून मिळवावी, हा पहिला. आणि कोणत्या माध्यमाने सुरुवात करावी, हा दुसरा. माझ्या अनुभवात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत सापडतात, ती म्हणजे घरापासून सहज जाता येईल अशी एक जागा निवडून तिथे वर्षभरात तीस-चाळीस वेळा बसणे. गेली वीस-बावीस वर्षे मी मुख्यत्वे जलरंगात गोदाघाट, जुन्या नाशकातले वाडे आणि शहराबाहेरचे डोंगर रंगवीत आलो आहे, आणि माझ्या कामात जे काही माझे स्वतःचे म्हणता येईल ते या एकाच ठिकाणी परत परत जाण्यातून आले आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन पुढे अनेक वर्षे ब्रश बाजूला ठेवलेल्यांना, तसेच आजवर कधीच ब्रश हाती न धरलेल्यांना, पहिल्या वर्षात नेमके काय करावे हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी जागा ठरवावी

सराफ बाजाराच्या बाजूने उतरून घाटावर आले की समोरच्या तीरावर पंचवटी दिसते. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वेला आणि जुने नाशिक पश्चिमेला राहते. चित्रकाराच्या दृष्टीने ही फार मोलाची माहिती आहे, कारण सकाळी सूर्य पंचवटीच्या मागून वर येतो आणि नारोशंकराच्या मंदिरासह समोरची सगळी शिखरे प्रकाशाच्या विरुद्ध, एकसंध गडद आकृतीसारखी दिसतात. तेच दुपारी चारनंतर प्रकाश थेट त्यांच्या दर्शनी बाजूवर पडतो आणि प्रत्येक कोनाडा, प्रत्येक उठाव वेगळा दिसू लागतो. एकाच पायरीवर बसून सकाळी आणि संध्याकाळी दोन पूर्णपणे वेगळी चित्रे मिळतात. नव्या माणसाने सकाळपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण विरुद्ध प्रकाशात तपशील आपोआप लपतात आणि मोठे आकार पाहण्याची सवय डोळ्यांना लवकर लागते.

पहिल्या तीन-चार खेपांना रंग बरोबर नेऊच नयेत. एक लहान वही आणि पेन्सिल न्यावी, तासभर बसावे, आणि आपली नजर पुन्हा पुन्हा कोठे जाते याची नोंद करावी. ही नोंद शब्दांत केली तरी चालते. ओल्या पायऱ्यांवर पडलेले आकाशाचे प्रतिबिंब, पुरोहितांच्या छत्र्या, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची आकृती, वाळत घातलेल्या साड्या, फुलवाल्यांच्या दुकानांवरचे प्लास्टिकचे निळे कापड, यांपैकी जे लक्ष खेचून घेईल तेच तुमचे पहिले चित्र. प्रेरणा हा शब्द मोठा वाटतो, पण व्यवहारात तिचे रूप इतकेच असते की शेकडो गोष्टींतून एका गोष्टीपाशी डोळा थांबतो आणि ती का थांबवते हे शोधण्याची इच्छा होते. मला त्या निळ्या कापडाने अनेक वर्षे थांबवले आहे. काळ्या दगडाच्या आणि मातकट पाण्याच्या मधोमध तो निळा तुकडा पडला की सगळ्या चित्राला एक आधार मिळतो, आणि इतरांना जी गोष्ट घाटाचे विद्रूपीकरण वाटते ती माझ्या चित्रांत आवर्जून येते.

बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. गर्दीची रेखाटने करायची असतील तर तो दिवस उत्तम, पण शांतपणे रंगवायचे असेल तर टाळलेला बरा. सिंहस्थाच्या आधीच्या काळात घाटांची कामे निघतात, जागा खोदलेल्या असतात, आणि कालचे दृश्य आज तसे राहीलच असे नाही. म्हणून जे आवडले ते लगेच रेखाटून ठेवावे.

आपल्याच परिसराला आयुष्य देणाऱ्या चित्रकारांची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, परंतु पुढे कोल्हापुरात परतून कोटितीर्थाच्या परिसरात राहिले आणि रंकाळा व आसपासचा निसर्ग रंगवीत राहिले. आपल्या नाशिकचे शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की ओळखीची जागासुद्धा किती नव्याने दिसू शकते. मूळ चित्रे पाहण्याची संधी मिळेल तेव्हा ती सोडू नये. छापील चित्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर रंगाचा पातळपणा, कागदाचा पोत आणि कडांची मऊ-कठीण अवस्था यांतले काहीही नीट कळत नाही.

माध्यमाची निवड

माध्यम ठरवताना लोक बहुधा परिणामाकडे पाहतात. मी त्याऐवजी आपल्या सवयींकडे आणि जागेकडे पाहण्याचा सल्ला देतो. ज्याला रोज अर्धा तासच मिळतो, ज्याच्या घरी वेगळी खोली नाही आणि ज्याला बाहेर बसून काम करायचे आहे, त्याच्यासाठी जलरंग सर्वांत सोयीचे. सामान एका शबनम पिशवीत मावते आणि वास येत नाही. मात्र शिकायला सोपे म्हणून जलरंग निवडू नयेत, कारण ते सोपे नाहीत. रंगद्रव्याची बारीक पूड बाभळीच्या जातीच्या झाडापासून मिळणाऱ्या डिंकात मिसळून हे रंग तयार होतात. ते पारदर्शक असल्याने खालचा कागद त्यांतून दिसत राहतो, आणि चित्रातला प्रकाश म्हणजे प्रत्यक्षात तो न झाकलेला कागदच असतो. तैलरंगात शेवटी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन उजेड आणता येतो. जलरंगात तो उजेड पहिल्या ब्रशाच्या आधीच राखून ठेवावा लागतो. सावळाराम हळदणकर यांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे, ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकांना ते तैलचित्र वाटते आणि राजा रविवर्म्याचे वाटते. ते हळदणकरांचे आहे आणि जलरंगातले आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो उजेड पाहिला की कागद राखणे म्हणजे काय ते समजते.

पोस्टर कलर किंवा गॉशमध्ये रंग अपारदर्शक असतो, चूक झाकता येते, आणि सपाट आकारांचा विचार करायला ते माध्यम चांगले शिकवते. ॲक्रिलिक पाण्यात मिसळते, पण एकदा वाळले की पुन्हा विरघळत नाही. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असताना उघड्यावर ॲक्रिलिक घेऊन बसले तर रंगधानीवरचा रंग काही मिनिटांत कडक होतो आणि ब्रश कायमचे खराब होतात. ते घरात वापरावे, रंगधानीवर ओले कापड ठेवून.

तैलरंगाविषयी थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात धोक्याचाही भाग आहे. जवसाचे तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन ते घट्ट होते, आणि या क्रियेत उष्णता निर्माण होते. त्यामुळे जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. अशी फडकी एकएक पसरून उघड्यावर वाळवावीत, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात. थर देताना आधीचा थर पातळ आणि कमी तेलाचा, नंतरचा अधिक तेलाचा, हा क्रम पाळावा. क्रम उलटला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि पृष्ठभागाला तडे जातात.

माध्यम बदलण्यात कमीपणा नाही. याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते, आणि चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण असा प्रवास करून ते चित्रपटापर्यंत पोहोचले. परंतु पहिल्या वर्षी दर महिन्याला नवे माध्यम घेऊ नये. माध्यमाचा विरोध सहन केल्याशिवाय त्याची मैत्री होत नाही, आणि त्याला निदान पन्नास-साठ कागद लागतात. पुढचा सर्व मजकूर जलरंगासाठी आहे.

साहित्य घेताना

पैसे मर्यादित असतील तर ते कागदावर खर्च करावेत, त्यानंतर ब्रशवर आणि शेवटी रंगांवर. नवी मंडळी नेमके उलट करतात. चोवीस रंगांची पेटी घेतात आणि साध्या कार्ट्रिज कागदावर रंगवतात. पातळ कागद पाण्याने फुगतो, त्याला लाटा येतात, रंग खोलगट भागात साचतो आणि सगळा दोष आपल्या हाताचा आहे असे वाटू लागते. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, शक्य असल्यास शंभर टक्के सुती, मध्यम खरखरीत म्हणजे कोल्ड प्रेस्ड कागद घ्यावा. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की ११ × १५ इंचांचा जो आकार मिळतो, तो घाटावर बसून दीड-दोन तासांत पूर्ण करण्याजोगा असतो. सरावासाठी त्याच्याही निम्मा तुकडा पुरतो. कागद प्लायच्या फळीवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवावा.

कागदावर सरस किंवा तत्सम द्रव्याचा जो संस्कार केलेला असतो, तो ओलाव्यात पडून राहिल्याने बिघडतो. एका पावसाळ्यानंतर मी दुकानातून आणलेल्या दहा तावांवर रंग लावताच टीपकागदासारखे डाग उठू लागले. तो गठ्ठा दुकानात बराच काळ दमट जागी पडून राहिला होता. तेव्हापासून मी आधी एक ताव घेऊन कोपऱ्यावर पाणी लावून पाहतो आणि मगच बाकीचे घेतो. घरी कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आडवा ठेवावा.

ब्रश तीन पुरतात : बारा नंबरचा टोकदार गोल ब्रश, सहा किंवा आठ नंबरचा गोल ब्रश आणि आकाश-पाण्यासाठी एक इंची चपटा. आजचे सिंथेटिक ब्रश चांगले असतात. दोऱ्या, पताका आणि तारांसाठी लांब केसांचा रिगर नंतर घेता येईल.

रंग ट्यूबमधले घ्यावेत आणि सातच घ्यावेत : अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू, यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, लाइट रेड आणि एक थंड लाल. थंड लाल घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. पारंपरिक अलिझारिन क्रिमसनमध्ये पी.आर. ८३ हे द्रव्य असते आणि ते उजेडात फिके पडत जाते, त्याऐवजी पी.व्ही. १९ असलेला लाल घेतला तर चित्र टिकते. नावाच्या शेवटी ‘ह्यू’ असे लिहिलेले असेल तर मूळ द्रव्याऐवजी तशी दिसणारी दुसरी द्रव्ये वापरली आहेत, असे समजावे. काळा आणि पांढरा सुरुवातीला घेऊच नयेत. त्याचे कारण पुढे येतेच.

काळ्या दगडाचा रंग

काळाराम मंदिर काळ्या दगडाचे आहे, हे प्रत्येक नाशिककर लहानपणापासून ऐकत आलेला असतो, आणि म्हणून ते रंगवताना त्याचा हात आधी काळ्या ट्यूबकडे जातो. माझाही जात असे. पहिली दोन वर्षे मी मंदिराच्या भिंती काळ्या रंगाने भरल्या आणि त्या प्रत्येक चित्रात कागदाला भोक पडल्यासारख्या दिसत. एका डिसेंबरच्या सकाळी मी मंदिराच्या आवारात रंग न काढता नुसता बसलो होतो. उन्हातला दगड तेव्हा उबदार राखाडी, जवळजवळ फिका तपकिरी होता. सावलीतली बाजू स्पष्ट निळसर होती, कारण तिच्यावर उघड्या आकाशाचा प्रकाश पडत होता. फरशीजवळच्या थरांवर खालून परतलेल्या उन्हाची पिवळसर झाक होती. खरोखर काळा असा भाग दाराच्या आतला अंधार आणि दोन दगडांमधल्या फटी, एवढाच होता.

त्यानंतर मी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना या दोनच रंगांतून हा दगड रंगवायला लागलो आणि आजही तसाच रंगवतो. निळा अधिक घेतला की सावली मिळते, सिएना अधिक घेतला की ऊन मिळते, दोन्ही दाट घेतले की कोणत्याही काळ्या ट्यूबपेक्षा जिवंत असा गडदपणा येतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण जड असतात. ओला थर वाळत असताना ते कागदाच्या खाचांत बसतात आणि आपोआप रवाळ पोत तयार होतो. सह्याद्रीच्या बेसाल्टचा पोत दाखवायला याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. हा पोत हवा असेल तर थर एकदाच द्यावा आणि वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. ब्रशाने परत परत घासले की कण पुन्हा सुटे होतात आणि सगळे मळकट होते.

नव्या माणसाने घाटावर जाण्यापूर्वी घरी एक सराव जरूर करावा. कागदावर बारा चौकोन आखावेत; पहिल्यात शुद्ध अल्ट्रामरीन, शेवटच्यात शुद्ध बर्न्ट सिएना, आणि मधल्या दहांत प्रमाण थोडे थोडे बदलत जावे. त्याखाली तेच बारा चौकोन दुप्पट पाणी घालून पुन्हा रंगवावेत. हा कागद फळीच्या मागे चिकटवून बरोबर न्यावा. नाशिकचा दगड, ओल्या पायऱ्या, पावसाळी ढग, म्हशी, जुन्या वाड्यांचे सागवान, हे सगळे या चोवीस चौकोनांत कोठे ना कोठे सापडते.

हिरव्या रंगाचेही असेच. दिंडोरीच्या वाटेवरच्या द्राक्षबागा ट्यूबमधल्या हिरव्याने रंगवल्या तर त्या कोणत्याही मुलखातल्या वाटतात. बागेवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारलेले असेल तर पानांवर फिकट निळसर पूट बसते. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनच्या मिश्रणात थोडा सेरुलियन घातला की तो रंग जमतो. हे नुसत्या आठवणीतून कळत नाही, तिथे उभे राहावे लागते.

प्रत्यक्ष बसल्यावर

हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, सकाळी आठच्या सुमारास घाटावर पोहोचावे. सूर्य तिरपा असतो, सावल्या लांब असतात, आणि थंडी चांगली पडली असेल तर पाण्यावर धुके दिसते. रंगवण्याचे पाणी घरून न्यावे, आणि दोन डबे ठेवावेत, एक ब्रश धुण्यासाठी आणि दुसरा रंगात मिसळण्याच्या स्वच्छ पाण्यासाठी. काम संपल्यावर गढूळ पाणी गंगेत ओतू नये. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि काही रंगांत कोबाल्ट, कॅडमियम यांसारखे धातू असतात; ते पाणी झाकणाच्या बाटलीत भरून परत आणावे. देवळाच्या आवारात बसायचे असल्यास आधी तिथल्या व्यवस्थेकडे विचारावे आणि दर्शनाची वाट अडवू नये.

पहिली दहा मिनिटे लहान रेखाटनांसाठी द्यावीत. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे तीन-चार चौकोन आखून, ४बी पेन्सिलीने फक्त तीन छटांत दृश्य मांडावे : कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. समोरची शिखरे, त्यांच्यामागची घरे आणि झाडे हे सगळे मिळून एकच गडद आकार होतो का, ते पाहावे. पाण्याची रेषा चौकोनाच्या बरोबर मध्यावर येऊ देऊ नये. आकाश सांगायचे की पाणी, हे आधी ठरवावे. माझी निम्मी चित्रे या चौकोनांतच बाद होतात आणि त्यामुळे पुष्कळ कागद वाचतो.

मग २बी पेन्सिलीने कागदावर हलके रेखांकन करावे. खोडरबर शक्यतो वापरू नये, कारण घासलेल्या जागी कागदाचा पृष्ठभाग दुखावतो आणि तिथे रंग गडद बसतो. शिखराचे प्रत्येक कोरीवकाम काढण्याचा मोह आवरावा. शिखराची उंची आणि रुंदी यांचे प्रमाण बरोबर आले की ते मंदिर ओळखू येते. १७४७ साली बांधलेल्या नारोशंकर मंदिराची मोठी घंटा दूरच्या तीरावरून केवळ एक लहान गडद खूण असते, आणि ती तेवढीच काढावी.

पहिला थर आकाश आणि पाणी एकत्र घेऊन द्यावा. चपट्या ब्रशाने सगळा कागद स्वच्छ पाण्याने ओलावावा, पण जिथे उजेड राखायचा आहे, म्हणजे पायऱ्यांच्या कडा, पाण्यावरची चमक, छत्र्यांचा वरचा भाग, तिथे कोरडा ठेवावा. क्षितिजाजवळ पातळ यलो ऑकरमध्ये थोडा लाइट रेड, वर सेरुलियन, आणि पाण्यात तेच रंग उलट्या क्रमाने व किंचित गडद. शिखरांच्या जागेवरूनही हा थर बिनधास्त जाऊ द्यावा. ती नंतर गडद होणारच आहेत. मग थांबावे. मे महिन्यात हा थर तीन-चार मिनिटांत वाळतो, जानेवारीत दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि श्रावणात अर्धा तास बसूनही तो दमटच राहतो. वाळला की नाही हे हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून ओळखावे. गार लागला तर अजून ओल आहे.

दुसऱ्या थरात दूरची घरे, झाडे आणि शिखरे एकाच वेळी, एकमेकांना जोडून घ्यावीत. इथे बहुतेकांची गफलत होते. ते एक देऊळ पूर्ण करतात, मग दुसरे, मग झाड, आणि चित्र कापून चिकटवलेल्या तुकड्यांसारखे दिसू लागते. एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग थरात, शिखराकडे निळसर, झाडाकडे हिरवट, घराकडे तपकिरी असा रंग बदलत न्यावा, पण ब्रश उचलू नये. खालची कड पाण्याला भिडते तिथे स्वच्छ ओल्या ब्रशाने ती मऊ करून सोडावी.

प्रतिबिंबांसाठी दोन नियम लक्षात ठेवावेत. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत पडते, प्रकाश कोणत्याही दिशेने येवो. तिरपी पडते ती सावली. आणि गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे फिके, तर फिक्या वस्तूचे थोडे गडद दिसते. घाटावर पाणी गढूळ असले की हा फरक अधिक जाणवतो.

माणसे शेवटी येतात, पण त्यांची जागा सुरुवातीलाच ठरलेली असावी. सपाट जमिनीवर उभे राहून पाहिले असता जवळच्या आणि दूरच्या उभ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात आणि पाय मात्र वरखाली होतात. हे एक सूत्र पाळले तरी गर्दी खरी वाटते. तुम्ही पायरीवर खाली बसला असाल तर ती रेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल आणि उभ्या माणसांची डोकी तिच्या वर जातील. डोके वाटते त्याहून लहान काढावे. पावले काढू नयेत. पाय खाली निमुळते करून सोडून दिले की माणूस चालतो. कपडे धुणारी वाकलेली स्त्री, डोक्यावर टोपली घेतलेला माणूस, छत्रीखाली बसलेला पुरोहित, यांची आकृती दोन-तीन ओल्या फटकाऱ्यांत पकडण्याचा सराव घरी वहीत करावा.

सर्वांत गडद ठिपके अगदी शेवटी, चार-पाचच द्यावेत. नंतर ब्रश धुवून ठेवावा आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे.

पावसाळ्यातले दिवस

पावसाळ्यात घाटावर बसणे कठीण होते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की नदी वाढते आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत आले, याचीच चर्चा शहरभर असते. पुराच्या काळात पाण्याजवळ मुळीच बसू नये. होळकर पुलावरून सुरक्षित अंतर राखून पेन्सिलीची रेखाटने करावीत. पांडवलेणी हा दुसरा पर्याय. त्रिरश्मी डोंगरातल्या या चोवीस लेण्यांच्या ओसरीत बसले की डोक्यावर छप्पर मिळते आणि खांबांमधून बाहेरचा धूसर उजेड पाहता येतो. आतला काळोख आणि बाहेरचा पाऊस यांच्यातला छटांचा फरक हा फार मोठा धडा आहे.

घरी काम करायचे असेल तर भांडी बाजारातला एक तांब्याचा लहान कलश आणावा आणि खिडकीपाशी ठेवावा. तांब्याचा स्वतःचा रंग बर्न्ट सिएना आणि लाइट रेड यांच्या मधला. पण त्यावर खिडकीचा पांढरा चौकोन, टेबलाचा रंग, आपल्या सदऱ्याचा रंग असे सगळे उमटते. पांढरा चौकोन कोरा राखावा, त्याच्या कडेला लगेच सर्वांत गडद रंग द्यावा, आणि कलश चकाकू लागतो. महिनाभर रोज एक कलश काढणाऱ्याला पावसाळ्यानंतर ओल्या पायऱ्या रंगवणे जड जात नाही.

आपली पद्धत कशी घडते

सुरुवातीला आवडत्या चित्रकाराची नक्कल होते. ती व्हावी; एखाद्या चित्राची अभ्यास म्हणून केलेली प्रत पुष्कळ शिकवते, मात्र ती प्रत आहे असे मागे लिहावे आणि प्रदर्शनात ठेवू नये. स्वतःची पद्धत निवडींतून तयार होते, आणि त्या निवडी आपण काय गाळतो यात अधिक दिसतात. माझे काही स्नेही घाटावरच्या विजेच्या तारा, फलक, सिमेंटचे कठडे सगळे गाळून पेशवाईतला वाटावा असा घाट रंगवतात, आणि त्यांच्या कामात गोडवा असतो. मी तारा ठेवतो, कारण मी पाहिलेला घाट तारांसहितच आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या बाबतीत तर मला हे अधिकच गरजेचे वाटते. पावसात एखादा वाडा खचतो, त्याच्या जागी दुसरी इमारत येते, आणि त्या गल्लीतला सागवानी खांबांवरचा तिरपा उजेड कायमचा जातो. म्हणून मी वाड्याचे चित्र काढताना टेकू दिलेले लाकूड, निखळलेल्या विटा, दारातली दुचाकी, हे तसेच ठेवतो. तुम्ही काय ठेवाल हे तुमचे तुम्हालाच ठरवावे लागेल, पण ते प्रत्येक चित्रात जाणीवपूर्वक ठरवावे.

छायाचित्राचा वापर आठवणीसाठी करावा. मोबाइलचा कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरे करतो. सावलीतला निळा आणि ढगातला गुलाबी त्यात उरत नाही. फोटोवरून रंगवायचेच असेल तर त्याच जागी केलेले एखादे लहान रंगीत टिपण शेजारी असावे. दुसऱ्यांना काम दाखवण्याची सवयही लवकर लावावी. नाशिकमध्ये एकत्र जाऊन स्थळचित्रे काढणारी मंडळी आहेत, नाशिक कलानिकेतनसारखी जुनी कलासंस्था आहे. एकाच दृश्यासमोर बसून पाच जणांनी केलेली पाच चित्रे शेजारी शेजारी ठेवली की आपला कल कोठे आहे, हे अर्ध्या तासात कळते.

प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, जागा आणि वापरलेले रंग लिहावेत. फसलेले कागद फाडू नयेत. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर रंगांचे सराव होतात, आणि सहा महिन्यांनी त्याच पायरीवर परत जाताना त्याच जागेचे जुने चित्र फळीला लावून न्यावे. समोरचे दृश्य, जुना कागद आणि नवा कोरा कागद असे तिन्ही एकत्र पाहिले की पुढचे चित्र कोठून सुरू करायचे ते तिथेच ठरवता येते.